थकवा मोजता येतो का?

चिकुनगुनिया किंवा कोविड होऊन गेलेलं माणूस तुमच्या घरात असेल, तर हा प्रसंग तुम्ही पाहिलेला असणार. ताप उतरून दोन महिने झालेत. रक्ताचे रिपोर्ट घेऊन तुम्ही दवाखान्यात बसलाय. डॉक्टर कागद चाळतात आणि म्हणतात, "सगळं नॉर्मल आहे." पेशंट म्हणतो, "पण डॉक्टर, जिना चढवत नाही हो." डॉक्टर एक टॉनिक लिहून देतात. परत येताना रिक्षात घरचंच कुणीतरी म्हणतं, "आता जरा मनाने उभारी घे. किती दिवस पडून राहणार?"

या प्रसंगात दोन पुरावे समोरासमोर आहेत. एक कागदावरचा आकडा आणि दुसरं त्या माणसाचं सांगणं. दोघांचं जुळलं नाही की बहुतेक वेळा आकडा खरा धरला जातो आणि माणसावर शंका घेतली जाते. ही सवय आपल्याला कुठून लागली? गेल्या दीडशे वर्षांत शास्त्रज्ञांनी थकवा मोजायचे जे प्रयत्न केले, त्यात या प्रश्नाचं बरंचसं उत्तर सापडतं. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो.

तुमच्यापैकी बरेच जण सध्या सिनॉप्सिस लिहिताय. "तुमच्या संकल्पनेची कार्यात्मक व्याख्या कुठे आहे?" असा शेरा एव्हाना गाइडकडून मिळालाही असेल. कार्यात्मक व्याख्या म्हणजे अमूर्त गोष्ट नेमकी कशावरून ओळखायची आणि कशी मोजायची, हे आधी ठरवून घेणं. पुस्तकात ही व्याख्या दोन ओळींत संपते. ती चुकली तर काय होतं, हे समजून घ्यायला थकव्याइतकं चांगलं उदाहरण मला तरी अजून सापडलेलं नाही.

मोस्सोचं यंत्र

सुरुवात करू इटलीतल्या तुरीन शहरापासून. अँजेलो मोस्सो (१८४६–१९१०) हा तिथल्या विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हेल्महोल्ट्झ आणि इतरांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मांडला होता, आणि त्यानंतर युरोपात माणसाच्या शरीराकडेही वाफेच्या इंजिनासारखं पाहिलं जाऊ लागलं होतं. इंजिनाला कोळसा लागतो, शरीराला अन्न. इंजिन किती काम करतं हे मोजता येतं, मग शरीराचं का नाही? आणि काम मोजता आलं, तर काम कमी होत जाणंही मोजता येईलच.

मोस्सोने १८८०च्या दशकात यासाठी एक यंत्र बनवलं, एर्गोग्राफ. रचना अगदी साधी. हात टेबलावर पक्का बांधायचा, शेजारची दोन बोटं नळ्यांत अडकवायची आणि फक्त मधलं बोट मोकळं ठेवायचं. त्या बोटाला दोरी, दोरीच्या टोकाला काही किलोंचं वजन. ठरावीक ठेक्यावर बोट वाकवून वजन उचलत राहायचं. प्रत्येक उचल काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर एक उभी रेघ काढते. पहिल्या रेघा उंच, मग बुटक्या, शेवटी बोट हलतच नाही. रेघांची टोकं जोडली की 'थकव्याचा वक्र' तयार!

मोस्सोला यात दोन गोष्टी आढळल्या. पहिली म्हणजे प्रत्येक माणसाचा वक्र वेगळा असतो. कुणाची ताकद झपकन कोसळते, कुणाची हळूहळू उतरते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याचे सहकारी डॉ. माज्जोरा विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेऊन आले की त्यांचं बोट नेहमीपेक्षा लवकर थकायचं. बोटाने तर काहीच काम केलेलं नव्हतं, सगळे श्रम डोक्याचे. म्हणजे थकवा फक्त स्नायूत राहत नाही, मेंदूचाही त्यात हिस्सा आहे.

१८९१ साली मोस्सोचं 'ला फातिका' म्हणजे 'थकवा' हे पुस्तक आलं. प्रयोगशाळेतल्या वक्रांबरोबर सिसिलीच्या गंधकाच्या खाणीत ओझी वाहणाऱ्या मुलांबद्दलही त्यात लिहिलेलं आहे. मोस्सो कोरडा यंत्रवादी नव्हता, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. पण पुढच्या लोकांनी त्याच्याकडून उचललं ते मुख्यतः यंत्र. ते युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत गेलं, शाळकरी मुलांची बोटं त्यात अडकवली गेली, आणि 'थकवा म्हणजे कमी झालेलं काम' हे समीकरण पक्कं होत गेलं.

इथे पेन्सिलने खूण करून ठेवा. एर्गोग्राफ मोजत होता ते काम. थकवा हा त्यावरून काढलेला निष्कर्ष होता.

त्याच दशकात, मुंबईत

तुरीनमध्ये बोटाने वजन उचललं जात होतं, त्याच दशकात मुंबईतले गिरणी कामगार थकव्याबद्दल अर्ज लिहीत होते, तेही कुठल्याही यंत्राशिवाय.

भारतातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्याने सात ते बारा वयाच्या मुलांच्या कामाचे तास नऊवर आणले, पण मोठ्या माणसांच्या तासांना हात लावला नाही. १८८४ मध्ये सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. त्यातून निघालेल्या निवेदनावर सुमारे ५,५०० सह्या होत्या. मागण्या काय होत्या? रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. शिवाय पगार वेळेवर आणि कामावर जखमी झाल्यास भरपाई.

ही यादी संशोधकाच्या नजरेने पुन्हा वाचा. 'आम्ही थकतो' हे सिद्ध करण्याच्या भानगडीत कामगार पडलेच नाहीत. त्यांनी मागितला वेळ: आठवड्यात एक दिवस, दिवसात अर्धा तास, आणि संध्याकाळची एक सीमा. थकवा कुठे साचतो आणि कशाने उतरतो, याचं हे अगदी नेमकं वर्णन आहे. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली.

सूर्यास्ताची सीमा मात्र टिकली नाही. गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस हवा तेवढा लांबवता येऊ लागला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दिवसाला तेरा-चौदा तास काम घेतलं जात असल्याची ओरड झाली आणि सरकारने चौकशा बसवल्या. १९०८ च्या फॅक्टरी लेबर कमिशनच्या बहुमताने पुरुष कामगारांच्या तासांवर थेट मर्यादा घालायला विरोध केला. त्या काळात सतत पुढे येणारा एक युक्तिवाद असा की हिंदी कामगार सलग काम करतच नाही. तो पाणी प्यायला जातो, विडी ओढायला जातो, आवारात रेंगाळतो, तेव्हा खरे कामाचे तास कमीच भरतात.

आता एकच दृश्य दोन प्रकारे वाचून बघा. चौदा तासांच्या पाळीत माणूस दर थोड्या वेळाने बाहेर जातो. मालकाच्या वहीत तो 'कामचुकार'. पण विश्रांती मिळत नसेल तर शरीर ती चोरून घेतं, असंही याच दृश्यावरून म्हणता येतं. निरीक्षण तेच आहे, अर्थ मात्र आधीच ठरलेल्या मतावर अवलंबून राहिला. कमिशनचे एक सदस्य, मद्रासचे डॉ. टी. एम. नायर यांनी भिन्नमतपत्रिका जोडून मोठ्या पुरुषांसाठीही बारा तासांची मर्यादा मागितली. नायर स्वतः डॉक्टर होते. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा आणली. १९२२ मध्ये ती अकरा तास झाली, १९३४ मध्ये दहा आणि १९४८ मध्ये नऊ.

तुमच्या प्रबंधात कधी अहवाल हे साधन असेल, तर भिन्नमतपत्रिका आवर्जून वाचा. बहुमताने काय पाहायचं टाळलं, ते अनेकदा तिथेच सापडतं.

मस्किओचा पेच

पहिल्या महायुद्धात हाच प्रश्न ब्रिटनमध्ये निकडीचा झाला. दारूगोळ्याच्या कारखान्यांत रविवारसकट काम चालू होतं. १९१५ मध्ये कामगारांच्या आरोग्यासाठी एक समिती नेमली गेली. तास कमी केले तरी एकूण उत्पादन घटत नाही, उलट काही कामांत ते वाढतं, असं तिच्या तपासात दिसलं. १९१८ मध्ये इंडस्ट्रियल फटीग रिसर्च बोर्ड म्हणजे औद्योगिक थकवा संशोधन मंडळ स्थापन झालं. 'थकवा' हा शब्द आता थेट सरकारी पाटीवर चढला.

या मंडळासाठी काम करणारा एक ऑस्ट्रेलियन मानसशास्त्रज्ञ होता, बर्नार्ड मस्किओ. १९२१ मध्ये त्याने ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजीत एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता: थकव्याची चाचणी शक्य आहे का? संशोधन पद्धतीचा पेपर देणाऱ्या प्रत्येकाने हा लेख एकदा वाचावा, असं मला वाटतं.

मस्किओचा युक्तिवाद थोडक्यात असा. समजा, मी थकव्याची एक चाचणी शोधली. ती खरंच थकवा मोजते की नाही, हे कसं तपासणार? त्यासाठी कमी थकलेली, जास्त थकलेली आणि ताजीतवानी अशी माणसं समोर हवीत. पण कोण किती थकलंय हे चाचणीआधी मला कशावरून कळलं? 'ज्याने जास्त तास काम केलं तो जास्त थकलेला' म्हणावं, तर ते मी गृहीत धरलं, सिद्ध केलं नाही. 'ज्याचं काम कमी झालं तो' म्हणावं, तर काम कंटाळ्यानेही कमी होतं आणि सुट्टीची वेळ जवळ आली की वाढतंसुद्धा. 'ज्याला थकल्यासारखं वाटतं तो' म्हणावं, तर वाटणं आणि काम यांचा मेळ बसत नाही. म्हणजे चाचणी तपासायला थकवा आधी माहीत हवा, आणि थकवा कळायला चाचणी हवी. गाडी तिथल्या तिथे गोल फिरत राहते.

मस्किओने यावर टोकाचा उपाय सुचवला: काटेकोर शास्त्रीय चर्चेतून 'थकवा' हा शब्दच काढून टाका आणि चाचणीचा शोध सोडून द्या. त्यापेक्षा अमुक प्रकारच्या कामाचा माणसाच्या क्षमतेवर काय परिणाम होतो, एवढंच अभ्यासा. पुढे १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या मंडळाच्या नावातून 'थकवा' गेला आणि तिथे 'आरोग्य' आलं.

मस्किओची चिकित्सा मला आजही बिनतोड वाटते. उपायाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. शास्त्राने शब्द टाकला म्हणून माणसं थकायची थांबली नाहीत. आणि 'हे आम्हाला मोजता येत नाही' या प्रामाणिक कबुलीचं पुढच्या काळात दवाखान्यांत 'हे नाहीच' असं रूपांतर होत गेलं. या दोन वाक्यांमधलं अंतर विसरलं गेलं, त्याची किंमत रुग्णांनी मोजली. तिकडे जाण्याआधी मैदानावर एक चक्कर मारून येऊ, कारण मोजण्याचा मोह तिथेही तेवढाच होता.

लॅक्टिक ॲसिडची गोष्ट

जिममध्ये किंवा पोलीस भरतीची तयारी करताना तुम्ही ऐकलं असेल, "पाय भरून आले म्हणजे लॅक्टिक ॲसिड साचलं." या समजुतीचा जन्म केंब्रिजमधला. १९०७ मध्ये वॉल्टर फ्लेचर आणि फ्रेडरिक हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूंवर काम करून दाखवलं की थकलेल्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड साचतं आणि ऑक्सिजन मिळाला की ते कमी होतं. पुढे ए. व्ही. हिल आणि ओटो मायरहोफ यांना स्नायूंवरच्या कामासाठी १९२२ चं नोबेल मिळालं. हिलने धावणाऱ्या माणसांवर प्रयोग केले, स्वतःही धावला. थकव्याचा रासायनिक गुन्हेगार सापडला, अशी भावना पसरली.

मग १९५१ मध्ये ब्रायन मॅकार्डल या डॉक्टरने एक विलक्षण रुग्ण नोंदवला. या आजारात स्नायूतला साखरेचा साठा मोडताच येत नाही, त्यामुळे व्यायाम केला तरी लॅक्टेट वाढत नाही. लॅक्टेट हाच गुन्हेगार असता, तर असा माणूस थकायलाच नको होता. प्रत्यक्षात असे रुग्ण इतरांपेक्षा फार लवकर थकतात आणि त्यांचे स्नायू दुखतात. पुढच्या दशकांत हेही स्पष्ट होत गेलं की लॅक्टेट हे शरीराचं इंधनसुद्धा आहे. हृदय आणि इतर स्नायू ते वापरतात. आणि व्यायामानंतर रक्तातलं लॅक्टेट साधारण तासाभरात खाली येतं, तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या अंगदुखीचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही.

'थकव्याबरोबर दिसतं' आणि 'थकव्याला कारण होतं' यांतला फरक तुम्ही सहसंबंध आणि कार्यकारणभावाच्या धड्यात वाचलेला आहेच. मोठ्या नावांच्या, नोबेलपर्यंत गेलेल्या संशोधनाभोवतीही ही गल्लत कित्येक दशकं टिकू शकते, एवढं यातून घ्या.

अमेरिकेत १९२७ मध्ये हार्वर्ड फटीग लॅबोरेटरी निघाली. तिथले संशोधक उंच पर्वतांवर गेले. १९३२ मध्ये ते हूवर धरणाच्या बांधकामावर, वाळवंटी उन्हात राबणाऱ्या मजुरांपर्यंत पोचले. तिथे प्रश्न घामाचा, पाण्याचा आणि मिठाचा निघाला. उंचीवर तो ऑक्सिजनचा होता. थकवा ही एकच एक गोष्ट नाही, या निष्कर्षाकडे हे सगळं काम जात होतं. १९४७ मध्ये ती प्रयोगशाळा बंद झाली.

आणि डॉ. माज्जोरांच्या बोटाचं काय झालं? २००९ मध्ये मार्कोरा आणि सहकाऱ्यांनी १६ जणांवर एक प्रयोग केला. एकदा ९० मिनिटं डोक्याला ताण देणारं काम करून, आणि एकदा साधी माहितीपटाची फिल्म पाहून, प्रत्येकाने दमेपर्यंत सायकल मारली. डोकं शिणलेलं असताना लोक सरासरी ६४० सेकंदांत थांबले, एरवी ७५४ सेकंदांत. हृदय आणि स्नायूंच्या मोजमापांत हा फरक समजावून देईल असं काही सापडलं नाही. नमुना लहान आहे, तेव्हा या आकड्यांवर इमले बांधू नका. पण मोस्सोच्या प्रयोगशाळेतला प्रश्न शंभरहून अधिक वर्षांनी पुन्हा जिवंत झाला, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

थकलेल्यांवर अविश्वास

आता पुन्हा आजाराकडे वळू. जुलै १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये एक साथ आली. जवळपास ३०० कर्मचारी आजारी पडले. त्यांत डॉक्टर आणि नर्सेस होत्या. स्नायूंची दुखणी, कमालीची दुर्बलता, चेतासंस्थेची लक्षणं. हॉस्पिटल काही काळ बंद ठेवावं लागलं. जंतू सापडला नाही. पुढच्या वर्षी या आजाराला मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, थोडक्यात एमई, असं नाव मिळालं.

पंधरा वर्षांनी, १९७० मध्ये, मॅकएव्हेडी आणि बिअर्ड या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं की हा सामूहिक हिस्टेरिया असावा. त्यांचा आधार काय? आजारी पडलेल्यांत स्त्रियांचं मोठं प्रमाण, आणि शारीरिक पुराव्याचा अभाव. त्यांनी जुने केसपेपर तपासले. त्या रुग्णांना भेटून त्यांनी मुलाखती घेतल्या नव्हत्या. तरीही या मताची छाया पुढे कित्येक वर्षं रुग्णांवर राहिली.

१९८८ मध्ये अमेरिकेतून नवं नाव आलं, क्रॉनिक फटीग सिंड्रोम. या नावाचाही एक दोष आहे. 'थकवा' हा सगळ्यांच्या रोजच्या अनुभवातला शब्द. त्यामुळे ऐकणारा पटकन म्हणतो, "थकवा तर मलाही येतो." पण या आजाराचं खास लक्षण वेगळंच आहे. थोडेसे श्रम केले की काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी सगळीच लक्षणं बळावतात आणि दिवसेंदिवस उतरत नाहीत. २०१५ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने हे श्रमोत्तर ढासळणं निदानाच्या केंद्रस्थानी आणलं.

यामुळे मोजण्याचा एक साधाच पण महत्त्वाचा प्रश्न उभा राहतो: मोजायचं कधी? काही अभ्यासांत अशा रुग्णांना सलग दोन दिवस सायकलवर बसवून तपासलं गेलं. पहिल्या दिवशीचे आकडे फारसे वेगळे नसतानाही दुसऱ्या दिवशी त्यांची क्षमता घसरलेली दिसली. निरोगी माणूस दुसऱ्या दिवशी जवळपास तेवढंच काम करतो. म्हणजे एकाच दिवशी मोजलं असतं, तर रिपोर्ट 'नॉर्मल' आला असता. आपण रुग्णाला तपासतो तो दवाखान्यापर्यंत येऊ शकतो त्या दिवशी. तो त्यानंतरचे तीन दिवस अंथरुणात असतो, तेव्हा त्याला कुणीच मोजत नाही.

आणि शेवटचं उदाहरण. २०११ मध्ये लॅन्सेटमध्ये ६४१ रुग्णांवरची पेस नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवत नेणं आणि विचार-वर्तन उपचार यांनी अशा रुग्णांना फायदा होतो, असा तिचा निष्कर्ष. रुग्ण शारीरिक कामं किती करू शकतो, हे ० ते १०० गुणांच्या प्रश्नावलीने मोजलं होतं. चाचणीत प्रवेश मिळायला ६५ किंवा त्याहून कमी गुण लागत. नंतर 'बरं झालं' म्हणण्याच्या निकषांपैकी एक होता ६० किंवा त्याहून जास्त गुण. मूळ आराखड्यात हा आकडा ८५ होता. एकदा डोळ्यांसमोर आणा: ६५ गुणांनी आत आलेला माणूस ६० वर घसरला, तरी त्या एका निकषापुरता तो 'बरा' गटात बसू शकत होता!

ही विसंगती लावून धरणाऱ्यांत रुग्ण स्वतः होते. त्यांनी माहितीच्या अधिकारात आकडे मागितले, २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या न्यायाधिकरणाने ते द्यायला लावले, आणि मूळ निकषांनी फेरमोजणी केल्यावर 'बरं होण्याचं' प्रमाण बरंच खाली आलं. चाचणीचे लेखक आपल्या निष्कर्षांवर ठाम राहिले. २०२१ मध्ये ब्रिटनच्या नाइस या संस्थेने आपल्या मार्गदर्शिकेत या रुग्णांना व्यायाम ठरावीक पायऱ्यांनी वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये, असं म्हटलं.

"मग यंत्र बाजूला ठेवून माणसालाच विचारायचं का?" असं तुम्ही म्हणाल. पण पेसमध्येही माणसांनाच विचारलं होतं. कुणाला कोणता उपचार मिळतोय हे त्यांना माहीत होतं, आणि उत्तरं प्रश्नावलीच्या चौकटीत बसवायची होती. माणसाचं सांगणंसुद्धा आकड्यात रूपांतरित होताना कुणाच्यातरी निकषातून जातं.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

आकडे म्हणजे शत्रू, असं मला अजिबात म्हणायचं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. "बाईमाणसाला घरकामाने थकवा यायचाच" असं म्हणून जे उडवून लावलं जातं, तिथे हिमोग्लोबिनचा एक आकडा त्या बाईच्या बाजूने उभा राहतो. थकवा टिकून असेल तर रक्त, थायरॉइड, साखर तपासायलाच हवी. प्रश्न एवढाच, की सगळे आकडे नॉर्मल आल्यावर आपण पुढे काय म्हणतो. "माझ्या चाचण्यांत हे दिसत नाही" की "तुम्हाला काही झालेलं नाही"?

तेव्हा सिनॉप्सिस पुन्हा उघडा आणि स्वतःला हे विचारा. मी मोजतोय ती गोष्ट आणि मी जिचं नाव घेतोय ती गोष्ट एकच आहे का, की मीही बोटाचं काम मोजून त्याला थकवा म्हणतोय? मी मोजण्यासाठी जी वेळ निवडली, ती माझ्या सोयीची आहे की विषयाच्या स्वभावाला धरून? माझा निकष मी निकाल पाहण्याआधी ठरवला की नंतर? आणि माझ्या मोजमापातून ज्याचं सांगणं निसटतं, त्याच्याबद्दल मी प्रबंधात काय लिहिणार आहे?

मराठीत प्रश्नावली करणाऱ्यांसाठी आणखी एक. इंग्रजी प्रश्नावली भाषांतरित करताना आपण 'फटीग'साठी डोळे झाकून 'थकवा' लिहितो. पण आपल्याकडची माणसं किती वेगवेगळं बोलतात! जिना चढून दमायला होतं. प्रवासाने शीण येतो. तापातून उठल्यावर माणूस गळून गेलेलं असतं. तेच तेच काम करून कंटाळा येतो. सुश्रुतसंहितेतही श्रम न करता, धाप न लागता येणाऱ्या थकव्याला 'क्लम' असं वेगळं नाव दिलेलं आहे. याचा अर्थ आपल्याला सगळं आधीच ठाऊक होतं असा काढू नका. पण श्रमाने आलेला आणि श्रमाशिवाय आलेला थकवा वेगळे धरावेत, एवढं निरीक्षण लोकांनी फार पूर्वीच केलेलं दिसतं. या सगळ्या शब्दांवर एकच 'थकवा' पांघरलात, तर तुमच्या उत्तरदात्यांनी दिलेली बरीच माहिती विश्लेषण सुरू होण्याआधीच हरवेल.

म्हणून प्रश्नावली छापायला देण्याआधी एक काम करा. आजारातून उठलेल्या चार-पाच जणांशी बोला. मध्ये शब्द सुचवू नका. त्यांना जिना चढवत नाही म्हणजे नेमकं काय होतं, कितव्या पायरीवर होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटतं, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. कार्यात्मक व्याख्येला त्यानंतर हात घाला.